मापकाकू 'कृपया' म्हणाल्या तेव्हा

मापकाकूंच्या तोंडात दिवसातला निम्मा वेळ टाचण्या असायच्या, आणि उरलेल्या निम्म्या वेळात त्या टाचण्याच बोलायच्या, असं त्यांची गिऱ्हाइकं म्हणत. कोट आखूड झाल्याची तक्रार घेऊन कोणी आलं, तर काकू त्याला आरशासमोर उभं करत, मागून टेप फिरवत आणि सांगत, "कोट होता तेवढाच आहे. तुम्ही वाढलात." माणूस ओशाळून हसायचा. दोन दिवसांनी तोच कोट असा बसायचा, की ओशाळल्याचं त्याच्या लक्षातही राहत नसे. म्हणून काकूंच्या बोलण्याचा राग कोणी धरत नसे.

एका तीनमजली इमारतीच्या जिन्याखाली त्यांचं दुकान होतं. दोन मशीन, कापड बेतायचं लांब टेबल, कपडे घालून बघायला पडद्याआडचा एक कोपरा आणि भिंतीवरच्या फळीवर मापांच्या वह्या. एकतीस वर्षांच्या वह्या. प्रत्येक गिऱ्हाइकाचं एक पान, पानावर नाव, फोन नंबर, मापं आणि काकूंचे शेरे: 'उजवा खांदा खाली.' 'बसला की गुडघे फाकवतो, पँट सैल ठेवणे.' 'श्वास रोखून माप देते, एक इंच वाढवणे.' माणसाचं नाव त्या विसरत, पण खांदा विसरत नसत. त्यांचं स्वतःचं नावही लोक कधीच विसरले होते. लहानथोर सगळे त्यांना मापकाकूच म्हणत.

शेजारी लाँड्री होती. लाँड्रीवाल्याने तीन वर्षांपूर्वी काकूंच्या फोनवर गिऱ्हाइकांचा एक ग्रुप काढून दिला होता. नाव 'तयार कपडे'. त्यात दीडशेला चार कमी माणसं. काकू त्यावर दोन-चार शब्दांत निरोप टाकत. 'निळा कोट तयार. न्या.' 'राखाडी पँट, तिसऱ्यांदा सांगतेय.' त्यापलीकडे नमस्कार नाही, चमत्कार नाही.

त्या मंगळवारी सकाळी अकराच्या सुमारास काकूंसमोर स्टुलावर एक मुलगी उभी होती. लग्न चार दिवसांवर, आणि गाऊनचा घेर एका बाजूला लोंबत होता. काकू गुडघ्यांवर बसून घेर टाचत होत्या, तोंडात आठ-दहा टाचण्या. तेवढ्यात फोन वाजला. दातांच्या डॉक्टरीणबाईंचा मेसेज होता. पंधरा वर्षांच्या गिऱ्हाईक, नेहमी घाईत असणाऱ्या.

'काकू, माझ्या फोनचा घोळ झालाय. चुकून तुमच्या नंबरवर एक सहा आकडी कोड गेलाय. तेवढा पाठवता का? लगेच हवाय.'

खरोखरच फोनवर सहा आकडे येऊन पडले होते. खाली बारीक अक्षरांत 'हा कोड कोणालाही देऊ नका' असंही लिहिलं होतं. पण काकूंचा चष्मा कपाळावर होता आणि मन घेरात. त्यांनी एका बोटाने सहा आकडे टिपले, पाठवले आणि पुन्हा घेराकडे वळल्या.

मुलगी गेली. काकूंनी फोन उचलून पाहिला, तर ग्रुप गायब. मेसेज गायब. 'तुमचा नंबर दुसऱ्या फोनवर सुरू झाला आहे,' असं काहीसं पडद्यावर आलं होतं. फोन रुसला असेल म्हणून त्यांनी तो बंद करून पुन्हा चालू केला. फोन बधला नाही.

इतक्यात लाँड्रीवाला हातात स्वतःचा फोन धरून दारात येऊन उभा राहिला.

"काकू, तुम्ही दवाखान्यात आहात?"

"तुला मी कुठे दिसतेय?"

"मलाही तेच म्हणायचंय. हे ऐका." त्याने फोन डोळ्यांजवळ धरला. "'नमस्कार. आपणास तसदी देत आहे, क्षमस्व. मी अचानक रुग्णालयात दाखल झाले आहे. कृपया पंधरा हजार त्वरित खालील खात्यावर पाठवावेत. सायंकाळी परत करीन. आपली अत्यंत आभारी, मापकाकू.' वर तुमचाच फोटो. तुमचाच नंबर."

काकू मशीनवर बसल्या. सकाळचे सहा आकडे त्यांच्या डोळ्यांपुढे आले आणि पाठोपाठ खालची बारीक अक्षरंही.

"मीच दिलं रे," त्या म्हणाल्या. "डॉक्टरीणबाईंनी मागितलं म्हणून दिलं."

"डॉक्टरीणबाईंनी नसणार मागितलं. त्यांचंही असंच कोणीतरी पळवलं असणार. त्यांच्या नावाने तुमच्याकडे, तुमच्या नावाने आमच्याकडे."

"तू पाठवलेस पैसे?"

"मी? शेजारी राहून तेरा वर्षं झाली, तुम्ही मला एकदाही 'कृपया' म्हणाला नाहीत. 'क्षमस्व' वाचलं तेव्हाच कळलं, ह्या बाई दुसऱ्या."

एरवी काकू हसल्या असत्या. आत्ता त्यांना धड रडूही येईना. कोणीतरी त्यांचं तोंड लावून त्यांच्या माणसांच्या दारोदार हात पसरत फिरत होतं. ज्या बाईने नवऱ्यामागे एकतीस वर्षं मशीन चालवलं आणि कोणापुढे हात पसरला नाही, तिच्या नावाने.

लाँड्रीवाल्याने त्यांच्या फोनवर खटपट करून पाहिली. आपल्याच नंबरवर नवा कोड मागवला की मेसेजचं खातं परत मिळतं, एवढं त्याला ठाऊक होतं. पण चोराने मुद्दाम चुकीचे कोड टाकून तो रस्ता अडवून ठेवला होता. पडद्यावर उत्तर आलं, सात तासांनी प्रयत्न करा. ग्रुपवर बाकीच्यांनी काही लिहिणंही त्याने बंद करून ठेवलं होतं.

"सात तासांत तो सगळ्या गावाला नागवेल," काकू म्हणाल्या.

"साधा फोन तर चालू आहे ना तुमचा? सिमकार्ड तुमच्याजवळच आहे."

काकूंनी फळीकडे पाहिलं. मग उठून त्यांनी वह्या उतरवल्या, एक गठ्ठा लाँड्रीवाल्यापुढे टाकला, दुसरा स्वतःपुढे ओढला आणि दुकानाच्या दाराला आतून कडी घातली. पहिला फोन त्यांनी डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात केला. त्या बिचाऱ्या एका पेशंटची दाढ अर्ध्यावर सोडून फोनवर आल्या. त्यांना काहीच पत्ता नव्हता. आदल्या रात्री त्यांनीही कोणाला तरी असाच कोड दिला होता, आणि त्यांचा फोन सकाळपासून टेबलाच्या खणात होता.

मग रांगच लागली. काकूंचं फोनवरचं भाषण एका वाक्याचं होतं: "मी मापकाकू, धडधाकट आहे, माझ्या नावाने पैसे मागतोय तो चोर आहे, एक पैसा द्यायचा नाही, दुसऱ्यांनाही सांगा." बहुतेकांनी मेसेज पाहिलाही नव्हता. काहींनी पाहून सोडून दिला होता. एका पियानो शिकवणाऱ्या बाईंनी मात्र काकूंचं सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे विचारलं, "पण तुम्ही खऱ्या कशावरून? आजकाल आवाजही खोटे काढतात म्हणे."

काकूंना राग यायला हवा होता, पण बाईंचं म्हणणं सरळ होतं. त्यांनी वहीचं पान समोर धरलं. "तुमची डावी बाही मी पाव इंच आखूड ठेवते. लहानपणी हात मोडला होता, तो वाकडा जुळला. हे तुम्ही माझ्याशिवाय कोणाला सांगितलंय?"

पलीकडे हसू फुटलं. "आईला आणि तुम्हाला. बरं, पटलं. माझ्या बहिणीलाही सांगते."

त्यानंतर काकू प्रत्येकाला खूण पटवूनच बोलू लागल्या. कोणाचा खांदा, कोणाची मान, कोणाच्या कोटाचा आतला चोरखिसा. एका पोक्त गृहस्थांनी हौसेने विचारलं, "माझी कंबर सांगा बघू." काकू म्हणाल्या, "कंबर मी फोनवर सांगत नाही. तुमच्या बायकोने ऐकलं तर तुम्हालाच जड जाईल."

दीड वाजेपर्यंत दोघांनी मिळून शंभराच्या वर फोन केले होते. लाँड्रीवाल्याचा घसा बसला. राहिलेल्यांत एक नाव काकूंना टोचत होतं. गणिताचे सर. बहात्तर वर्षांचे, एकटे राहणारे, वर्षातून एक शर्ट शिवणारे आणि बिल मिळाल्याबरोबर आकडेमोड तपासणारे. त्यांना चारदा फोन केला. चारही वेळा 'नंबर व्यस्त आहे.'

"जाऊन येते," म्हणत काकूंनी चपला घातल्या. दोन गल्ल्या ओलांडून, तीन जिने चढून त्यांनी बेल वाजवली तेव्हा त्यांना धाप लागली होती.

दार उघडलं ते सरांनीच. अंगात काकूंनीच शिवलेला पांढरा शर्ट, कडक इस्त्रीचा. हातात कापडी पिशवी, पिशवीत थर्मास, सफरचंदं आणि एक टॉवेल. त्यांनी काकूंकडे असं पाहिलं जणू भिंतीतून कोणी बाहेर आलं आहे.

"बाई, तुम्ही चालत कशा आलात? तुम्हाला सोडलं त्यांनी?"

"मला कोणी धरलंच नव्हतं, सर. पैसे पाठवलेत का तुम्ही?"

"पाठवले ना. लगेच पाठवले, बाराच्या आसपास. मग तीन दवाखान्यांना फोन लावले, तुम्ही कुठल्याच यादीत नाही. म्हटलं, आता प्रत्यक्ष जाऊन वॉर्ड शोधावेत."

मघापासून चोरावर धुमसणारा काकूंचा राग त्या पिशवीतल्या टॉवेलपाशी येऊन अडला.

"तुम्हाला शंका नाही आली? मी असं बोलते का कधी?"

"आली ना. पण मी वेगळा विचार केला." सर दारातच उभे राहून, फळ्यासमोर उभं राहिल्यासारखं सांगू लागले. "ह्या बाई कोणाकडे काही मागत नाहीत. आज मागतायत, तेही इतक्या नरमाईने. याचा अर्थ प्रकृती फारच बिघडली असणार."

"सर, तो चोर होता. माझं मेसेजचं खातं पळवलंय."

सर पिशवी खाली ठेवत म्हणाले, "चाळीस वर्षं मुलांना सांगत आलो, उत्तर आलं की पडताळा करा. आणि स्वतः मात्र सरळ खाली रेघ मारून मोकळा."

"आणि मी कपाळावर चष्मा ठेवून मोकळी," काकू म्हणाल्या. "चला, बँकेत चला. आपली लाज नंतर वाटून घेऊ."

बँकेतली काउंटरवरची मुलगी चपळ होती. तिने सरांच्या फोनवरचा व्यवहार पाहिला, वेळ पाहिली आणि दुसरं काही विचारण्याआधी ऑनलाइन फसवणुकीच्या मदत केंद्राला फोन लावून दिला. तक्रार क्रमांक मिळाला, तो तिने कागदावर लिहून दिला. पलीकडच्या बँकेला पैसे रोखायचा निरोप गेला.

"दोन तासांच्या आत आलात हे फार बरं झालं," ती म्हणाली. "लोक लाजेपायी दोन-दोन दिवस घरात बसतात. तोवर पैसे पाच खात्यांतून फिरून पार होतात. आता पोलिसांकडेही लेखी द्या. आणि तो मेसेज पुसू नका, तसाच ठेवा."

मग तिने काकूंकडे वळून विचारलं, "तुम्ही दुहेरी पडताळणी लावली नव्हती? कोड गेला तरी तुमचा स्वतःचा एक वेगळा आकडा विचारते ती. तो नसेल तर चोराला आत येता येत नाही."

"आम्ही दाराला एकच कडी लावतो," काकू म्हणाल्या. "आज दुसरी लावून दे."

"खातं परत मिळालं की पहिलं काम तेच करा. आणि कोणीही, अगदी सख्ख्या बहिणीनेही कोड मागितला, तरी द्यायचा नाही. तो मागायचं कारण चोराशिवाय कोणालाच नसतं."

साडेसहाला दुकानात लाँड्रीवाला, सर आणि काकू असे तिघं फोनभोवती बसले. कोड आला. काकूंनी आधी चष्मा नाकावर आणला, मग सहा आकडे वाचले, मग टाकले. ग्रुप परत आला, आणि पलीकडे चोराच्या हातून खातं सुटलं. दुसरी कडीही लागली. मग काकूंनी ग्रुपवर आयुष्यातला सगळ्यात लांब मेसेज लिहिला.

'मी मापकाकू. सकाळी मी स्वतःच्या चुकीने कोड देऊन बसले. माझ्या नावाने कोणी पैसे मागितले, तर मला फोन करून विचारायचं, आपलं माप काय. सांगता आलं तर मी. तरीही पैसे द्यायचे नाहीत, कारण मी मागणार नाही. तपकिरी कोट तयार. न्या.'

पुढचे दोन दिवस दुकानात शिवण कमी आणि वर्दळ जास्त. प्रत्येक जण आपला फोन पुढे करी. चोराने ग्रुपवर न टाकता प्रत्येकाला स्वतंत्र मेसेज पाठवला होता, आणि काहींनी काकूंचा फोन येण्याआधी त्याला उत्तरंही दिली होती. ती उत्तरं आता काकू एकेक करून वाचत होत्या. लग्नाच्या गाऊनवाल्या मुलीने लिहिलं होतं, 'काकू, गाऊन राहू द्या, मी जुना घालते, तुम्ही बऱ्या व्हा.' रिक्षा चालवणाऱ्या एकाने लिहिलं होतं, 'पैसे नाहीत, रिक्षा आहे. कुठे येऊ?' ज्यांना काकूंनी 'तुम्ही वाढलात' म्हणून ऐकवलं होतं, त्यांच्यातल्या एका गृहस्थांनी विचारलं होतं, 'रक्त लागणार का? माझा गट सगळ्यांना चालतो.'

काकू वाचत होत्या आणि फोन परत देताना दर वेळी काहीतरी खेकसत होत्या. "रिक्षा घेऊन कुठे निघाला होतास? आधी ब्रेक दुरुस्त कर." पण लाँड्रीवाल्याने पाहिलं, त्या दोन दिवसांत त्यांनी सुईत दोरा ओवायला तीनदा त्याला हाक मारली. डोळ्यांना नीट दिसत नव्हतं म्हणे.

सरांचे पैसे तीन आठवड्यांनी परत आले. थोडासा भाग चोराने आधीच काढून घेतला होता, तो गेला. काकूंनी तो भरून द्यायची तयारी दाखवली, तर सर म्हणाले, "मुळीच नाही. ती माझी शिकवणीची फी. उतारवयात एवढ्या स्वस्तात कोण शिकवतं?"

पुढे कोणाच्या तरी डोक्यातून निघालं, की काकूंनी हे सगळं वाचनालयात चार लोकांना सांगावं. काकू म्हणाल्या, मला भाषण येत नाही. सर म्हणाले, मला येतं, पण लोक झोपतात. आपण दोघं मिळून बोलू. रविवारी सकाळी तीस-पस्तीस माणसं जमली. काकू उभ्या राहिल्या आणि त्यांनी सुरुवातच केली, "मी फसले. मूर्ख म्हणून नाही, कामात होते म्हणून. चोर बरोबर तेव्हाच गाठतो. त्याच्या मेसेजात घाई असते, ती घाई त्याची असते, आपली नसते. आपण फोन खाली ठेवायचा, आणि ज्याच्या नावाने मागणी आली त्याला आपल्याजवळच्या जुन्या नंबरावर स्वतः फोन करायचा. त्याने दिलेल्या नंबरावर नाही."

शेवटच्या रांगेतली एक बाई हळूच उभी राहिली. दोन वर्षांपूर्वी तिला कोणीतरी पोलीस अधिकारी बनून व्हिडिओ कॉल केला होता, सहा तास फोनसमोर बसवून ठेवलं होतं, 'तुम्हाला घरातच अटक झाली आहे' म्हणून. तिने ते आजवर नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. काकू तिच्या शेजारी जाऊन बसल्या.

"असली अटक नसतेच," सर समोरून म्हणाले. "पोलीस दारात येतील, फोनमध्ये बसून राहणार नाहीत."

"हे तेव्हा कोणी सांगितलं असतं तर," ती बाई म्हणाली.

"तुम्ही आज सांगितलंत ना," काकू म्हणाल्या. "आता ह्यांच्यापैकी कोणी सहा तास बसणार नाही." त्या रविवारनंतर आणखी तिघांनी आपापल्या गोष्टी सांगितल्या. एक तर बँकेतूनच निवृत्त झालेले होते.

चार महिन्यांनी, भर दुपारी, काकू एका कोटाचं अस्तर लावत असताना अनोळखी नंबरावरून फोन आला. उचलला, तर भाची रडत होती. त्यांच्या भावाची मुलगी. दुसऱ्या शहरात पोहायला शिकवायची. तिच्या शिकवण्याचे व्हिडिओ सगळीकडे फिरत असत.

"आत्या, माझ्या गाडीखाली कोणीतरी आलं. हा दुसऱ्याचा फोन आहे. आत्ताच्या आत्ता पैसे भरले तर सोडतील. बाबांना सांगू नको."

आवाज तिचाच होता. हुंदका तिचाच, 'आत्या' म्हणतानाचा हेलही तिचाच. काकूंच्या हातातली सुई खाली पडली. सगळं ठाऊक असूनही त्यांच्या तोंडून 'हो गं बाळा, देते' निघता निघता राहिलं.

"दोन मिनिटं थांब," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला. मग भाचीचा नेहमीचा नंबर लावला. एक रिंग. दोन. तीन.

"बोल गं आत्या." मागे पाण्याचा आवाज आणि पोरांचा कालवा. "क्लास चालू आहे, पटकन सांग."

"तू बरी आहेस?"

"मला काय धाड भरलीय? का गं?"

काकूंनी सांगितलं. पलीकडे भाचीने पोरांना बाहेर बसायला सांगितलं.

"माझाच आवाज होता?"

"तुझाच. तूसुद्धा फसली असतीस."

"आणि तू फसली नाहीस?"

"फसलेच होते. फक्त पैसे द्यायच्या आधी तुला विचारलं. आता बापाला फोन कर आणि त्यालाही सांग. तुमच्या घरात एक शब्द ठरवून ठेवा, फक्त तुम्हालाच ठाऊक असेल असा. संकटात कोणी फोन केला तर आधी तो विचारायचा."

"करते," भाची म्हणाली. "आत्या, दोन महिने झाले ना आपण बोलून?"

"तीन. मी मोजत नव्हते, सहज सांगते."

"रविवारी येते मी. दोन दिवस राहते."

"ये. पण येताना तो पोहायचा झगा आण, मागच्या वेळी पाहिला, पाठीवर उसवलाय. लोकांना काय शिकवतेस तसल्या झग्यात?"

भाची मोठ्याने हसली. काकूंनी फोन ठेवला, तो अनोळखी नंबर तक्रारीसाठी कागदावर उतरवला आणि गुडघे टेकून टेबलाखाली सुई शोधू लागल्या.